व्हायोलिन गेलं, व्हायोला आला

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक मूळच्या नाशिकच्या, आता टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतात. मुलगी १२ वर्षांची, सातवीत. सहाव्या वर्षापासून ती खासगी शिकवणीत व्हायोलिन शिकली आणि सहावीपासून शाळेत ऑर्केस्ट्रा हा विषय घेतला. सातवीच्या सुरुवातीला ऑर्केस्ट्राच्या बाईंनी वर्गात विचारलं, "व्हायोला कोण घेईल?" (व्हायोला म्हणजे व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य.) वर्गात व्हायोलिन वाजवणारे २२, व्हायोला वाजवणारे २. हिने हात वर केला. घरी कळलं ते ती वेगळीच पेटी घेऊन आली तेव्हा. दरवर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात ती व्हायोलिनवर एक गाणं वाजवायची, ते यंदा झालं नाही. डिसेंबरच्या कार्यक्रमात ती आईला ऐकूच आली नाही. भारतातून आलेल्या आजींनी विचारलं, "हिला मागे का बसवलंय?" वडील म्हणतात, विषयच सोडून दे, आठवीला कोडिंग घे. बाईंनी आज्ञाधारक मुलीचा फायदा घेतला असं वाचकांचं म्हणणं आहे. प्राचार्यांना पाठवायच्या ईमेलचा मसुदा त्यांनी पत्राला जोडलाय आणि विचारलंय: पाठवू का?

प्रिय ताई,

नका पाठवू. आज तर नकोच, आणि प्राचार्यांना मुळीच नको. पण तुमचा राग मी उडवून लावत नाहीये. त्यातली एक गोष्ट अगदी रास्त आहे, तिच्याकडे येते.

मसुदा मी दोनदा वाचला. 'अन्याय' हा शब्द त्यात चारदा आलाय, 'सहा वर्षं' पाचदा. 'मुलगी म्हणाली' असं एकदाही नाही. तिचं काय म्हणणं आहे ते मला कळलं पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणून लिहिलेल्या दोन ओळींत. 'ती मात्र खूश आहे, मंगळवारी शाळेआधीच्या सरावाला स्वतःहून सव्वासहाला उठते. पण एवढ्याशा पोरीला काय कळतंय?'

अहो, सातवीतली मुलगी कुणी हाक न मारता सव्वासहाला उठते, ही बातमी ताज्या कलमात कशी गेली? माझ्या घरी असं घडलं असतं तर मी पत्राची सुरुवातच तिथून केली असती. बहुधा पेढे वाटून.

त्या सहा वर्षांबद्दल आधी बोलू, कारण दुखतंय तिथेच. आठवड्यातून एकदा नेणं, अर्धा तास पार्किंगमध्ये गाडीत बसून राहणं, पहिल्या दोन वर्षांतली ती तेल न घातलेल्या दारासारखी करकर सहन करणं, दर वाढीला लहान व्हायोलिन परत देऊन मोठं भाड्याने आणणं. हे सगळं तुम्ही केलंत, आणि मनात एक चित्र तयार झालं. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर मुलगी. त्या चित्राला धक्का बसलाय आणि त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण ते चित्र तुमचं होतं. तिच्या डोक्यात काय होतं ते अजून कुणी विचारलेलं नाही.

आणि सहा वर्षं वाया गेली, हे मात्र बरोबर नाही. व्हायोलिनच्या चार तारा म्हणजे जी, डी, ए, ई. व्हायोलाच्या सी, जी, डी, ए. तीन तारा त्याच आहेत. वरची बारीक ई गेली, खाली जाड सी आली. धरायची पद्धत तीच, बोटांची ठेवण तीच, बो (गज) ओढणंही तेच, थोडं जास्त वजन टाकून. बदलते ती मुख्यतः वाचायची खूण. व्हायोलाची स्वरलिपी आल्टो क्लेफमध्ये असते, तिच्यात पाच रेघांपैकी मधल्या रेघेवर मधला सी बसतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा स्वर आणि बोटांची सवय यांचं महिना-दोन महिने भांडण होतं आणि मग मिटतं. तुम्ही लिहिलंय की ती सुझुकी पद्धतीने शिकली. त्या पद्धतीत मुलं आधी कानाने शिकतात, वाचन मागाहून येतं. अशी कितीतरी मुलं सुरेख वाजवतात, पण समोर नवा कागद आला की गडबडतात. नवी खूण शिकताना तिला प्रत्येक स्वर खरोखर वाचावाच लागणार आहे. हा फायदा तुमच्या मसुद्यात नाही. उद्या ती व्हायोलिनकडे परतली तरी तो तिच्याबरोबर येईल.

आता 'ऐकूच आली नाही' याबद्दल. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की काय आठवतं? गणपतीत मैदानावर मांडव, निवेदक, दोन गायक, दोन गायिका आणि मागे वादक. कान गायकावर. तोच कान घेऊन आपण शाळेच्या सभागृहात बसतो. फोनचा कॅमेरा आपल्या मुलीवर आणि कान पहिल्या व्हायोलिनवर, कारण चाल तिथे असते. मग मुलगी ऐकू येत नाही, आणि आपल्याला वाटतं तिला गप्प बसवलंय.

पोवाडा आठवा. शाहीर कडाडतो, आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी' उचलतात. झीलकऱ्यांना घरी पाठवा आणि मग तो पोवाडा ऐका. वाऱ्यावर एकटा माणूस ओरडतोय असं वाटेल. व्हायोला म्हणजे अगदी झील नव्हे, त्याचे स्वर वेगळे असतात, पण काम त्याच जातीचं. वर चाल, खाली चेलो आणि डबल बास ही जाड आवाजाची वाद्यं, आणि मधल्या पोकळीत व्हायोला. तो चांगला वाजला तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नसला तर सगळ्यांना काहीतरी उणं वाटतं पण काय ते सांगता येत नाही.

मी स्वतः गाणं शिकले ते फारसं पुढे गेलं नाही. पण चार-पाच वर्षं माझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे तानपुऱ्यावर बसले. माझ्या आईनेही विचारलं होतं, "तुला मागे का बसवतात?" ज्या घरात गाणं नाही तिथे हा प्रश्न येतोच. ज्या घरात आहे तिथे ठाऊक असतं की गुरूच्या मागे तानपुऱ्यावर जागा मिळावी म्हणून शिष्यांमध्ये चढाओढ असते. बाई स्वर कसा लावतात, श्वास कुठे चोरतात, हे पहिल्या रांगेतल्या रसिकाला नाही कळत, ते मला कळायचं. आजींना हे सांगून पाहा. त्यांना पटकन समजेल, माझा अंदाज आहे तुमच्याही आधी.

अजून एक. मोत्सार्टला मित्रांबरोबर चौघांत वाजवायला बसताना व्हायोला घ्यायला आवडे. चेक संगीतकार द्वोर्झाकने प्रागच्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात १८६० च्या दशकात वर्षानुवर्षं व्हायोला वाजवला. हे मोठ्या नावांचं दडपण आणायला सांगत नाहीये. ज्यांना संगीत रचायचं होतं ते मध्यभागी बसून सगळ्यांचं ऐकत होते, एवढंच. आपल्याकडचं पाहायचं तर मुंबईच्या सिनेसंगीतातल्या व्हायोलिनच्या रांगा आठवा. त्यांतले कितीतरी वादक गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकून आलेले. रेकॉर्डवर त्यांची नावं नसायची. वाजवणं मात्र आपण आजही ऐकतोय.

आता बाई. तुमच्या मसुद्यात त्या एक कारस्थानी व्यक्ती म्हणून येतात. जरा त्यांच्या जागेवरून बघू. टेक्सासमधल्या शाळेत ऑर्केस्ट्रा म्हणजे फक्त तंतुवाद्यं, फुंकायची आणि ठोकायची वाद्यं बँडमध्ये जातात. या बाईंकडे सहावीतली, बो कसा धरायचा इथपासून सुरू होणारी मुलं असतात आणि आठवीतली तयार मुलंही. प्रत्येकाची वाद्यं जुळवायची, तुटलेल्या तारा बदलायच्या, बोला लावायची राळ विसरलेल्यांना राळ द्यायची. पालक सगळे व्हायोलिनच मागतात. आपले देशी पालक तर विशेष. बावीस आणि दोन या प्रमाणात कोणतीही रचना वाजवता येत नाही. जेवणात बावीस वाट्या तूप आणि दोन वाट्या भात.

वसंत ऋतूत हे सगळे यूआयएलच्या, म्हणजे टेक्सासमधल्या शाळांच्या स्पर्धा घेणाऱ्या संस्थेच्या, परीक्षणाला जातात. आपल्या डोक्यात स्पर्धा म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा, म्हणून सांगते: यात शाळांचा एकमेकींशी क्रम लावत नाहीत. तीन परीक्षक मंचावरचं वादन ऐकून एक ते पाच अशी श्रेणी देतात, एक सर्वांत वरची. ठरलेल्या पातळीला पोचलेल्या सगळ्या शाळांना एक मिळू शकते. मग दुसऱ्या खोलीत मुलांपुढे आधी कधीही न पाहिलेली रचना ठेवतात. बाई ठरावीक वेळ समजावून सांगतात, मुलांनी तोवर वाद्य वाजवायचं नाही, आणि लगेच पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून वाजवायचं. त्या खोलीत व्हायोलाची रांग कोसळली की मधला मजला कोसळतो. अशा वेळी बाई कुणाकडे बघत असतील? सहा वर्षं वाजवलेल्या, कान पक्का असलेल्या मुलीकडे. शिक्षक कच्च्या मुलाला शक्यतो व्हायोलावर पाठवत नाहीत असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी तेही होतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला तसं दिसत नाही.

तरी बाईंचं चुकलं. हीच ती रास्त गोष्ट. ११-१२ वर्षांच्या मुलांना भरवर्गात 'कोण घेईल' असं विचारायचं आणि त्याच दिवशी पेटी हातात द्यायची, हे बरोबर नाही. पालकांना आधी दोन ओळी जायला हव्या होत्या. हे त्यांना सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि सांगाच. पण त्यांनाच सांगा. शिक्षकाशी एक शब्दही न बोलता थेट प्राचार्यांना लिहिणं म्हणजे तिथल्या शाळेत त्यांच्या डोक्यावर पाय देऊन जाणं. प्राचार्य तो ईमेल त्याच बाईंकडे पाठवणार. पुढचं दीड वर्ष तुमची मुलगी त्यांच्यासमोर बसणार आहे.

आता सगळ्यांत नाजूक जागा. तुम्ही लिहिता, ती आज्ञाधारक आहे म्हणून हात वर केला. असेलही. आपल्या मुली मोठ्यांना नाही म्हणायला उशिरा शिकतात, आणि परदेशात वाढल्या म्हणून ते आपोआप येत नाही. पण हात वर करण्याची दुसरीही कारणं असतात. पुढच्या खुर्चीसाठी बावीस जणांत चालणाऱ्या चढाओढीला ती कंटाळली असेल. तो खालचा, थोडा घोगरा आवाज तिला आवडला असेल. व्हायोलाच्या रांगेत तिची मैत्रीण असेल. किंवा, हे वाचताना जरा शांत राहा, तिला पहिल्यांदाच असं काहीतरी मिळालं असेल जे आईने निवडलेलं नाही.

यातलं कुठलं, ते तिलाच विचारा. "तुला व्हायोलिन परत हवंय ना?" असं मात्र नका विचारू, त्याचं उत्तर तुम्ही प्रश्नातच देऊन ठेवलंय. जेवणाच्या टेबलावर बाबा आणि आजींसमोरही नको. गाडीत विचारा. मुलं गाडीत बोलतात, कारण डोळ्यांत बघावं लागत नाही. "व्हायोला वाजवताना कुठला भाग तुला सगळ्यांत जास्त आवडतो?" एवढंच विचारून पुढचा सिग्नल येईपर्यंत गप्प राहा. हे दुसरं तुम्हाला जड जाईल. आणखी एका दिवशी: "त्या दिवशी हात वर करताना मनात काय होतं?" ती अडखळली, "बाईंना वाईट वाटलं असतं" असं काही म्हणाली, तर तुमची शंका खरी आहे. मग व्हायोलिनकडे परत जायचा मार्ग आपण काढू, आणि तो अवघड नाही. पण तेव्हासुद्धा बाईंशी बोलायला तिला बरोबर न्या. नाही म्हणायचा सराव तिने तिथेच करू दे, तुम्ही शेजारच्या खुर्चीवर.

एक तपासणी मात्र लगेच करा: वाद्याचं माप. व्हायोला इंचांत मोजतात. १४ इंची व्हायोलाचं लाकडी धड साधारण पूर्ण आकाराच्या व्हायोलिनएवढं असतं, १३ इंचीचं पाऊण व्हायोलिनएवढं. शाळेच्या कपाटात उरलेला मोठा व्हायोला लहान हाताला दिला गेला तर मनगट आणि डावा खांदा दुखू लागतो, आणि मुलं सांगत नाहीत. तिला विचारा, वाजवून झाल्यावर करंगळी ताणल्यासारखी वाटते का. वाटत असेल तर बाईंना त्याच दिवशी कळवा. दुखणाऱ्या हाताने वाजवणं चालू ठेवण्यात काही कौतुक नाही.

आता बाबांचं कोडिंग. मला बाबांची चिंता कळते. आम्ही ज्या शाळांत शिकलो तिथे चित्रकलेचा आणि खेळाचा तास गणिताचे सर हक्काने पळवायचे, आणि आम्ही तेच खरं मानून मोठे झालो. टेक्सासची व्यवस्था निराळी आहे. हायस्कूल पूर्ण करायला तिथे ललित कलेचं एक क्रेडिट लागतंच. आणि १९८४ पासून 'नो पास, नो प्ले' हा कायदा आहे. काही प्रगत विषय सोडले तर कुठल्याही विषयात ७० च्या खाली गेलं की काही आठवडे शाळेबाहेरच्या स्पर्धा बंद. म्हणजे अभ्यास घसरला तर बाबांच्या आधी बाईच ओरडतील. तिचे गुण तर तुम्हीच लिहिल्याप्रमाणे उत्तम आहेत. मग ऑर्केस्ट्रा सोडून नेमकं काय वाचणार? कोडिंग उन्हाळ्यातही शिकता येतं, पुढच्या वर्षीही, एकटीने खोलीत बसूनही. पन्नास मुलांबरोबर एकाच क्षणी बो उचलणं घरी बसून शिकता येत नाही. आठवीचे विषय निवडायचे फॉर्म बहुतेक शाळांत हिवाळा सरता सरता येतात, तेव्हा तुमच्याकडे काही आठवडे आहेत. तोवर घरात हा विषय सोडण्याची भाषा नको, मुली भिंतीपलीकडून सगळं ऐकतात.

मुलीला व्हायोला हवा असेल, असं धरून चालते. तर व्हायोलिन माळ्यावर टाकू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिला हवं ते वाजवू दे, सरावाचा तक्ता न लावता. खासगी शिक्षकांनाही विचारा, व्हायोलिन शिकवणारे बरेच जण व्हायोलाही शिकवतात. पुढे ऑल-रीजनची, म्हणजे विभागातल्या शाळांमधून निवडलेल्या मुलांच्या ऑर्केस्ट्राची, ऑडिशन द्यावीशी वाटली तर तीही देता येईल. तिथे मुलं पडद्याआड वाजवतात, परीक्षकांना चेहरा दिसत नाही. व्हायोलाला स्पर्धक कमी म्हणून निवड सोपी, हे गणित तुमच्या मंडळातलं कुणीतरी तुम्हाला लवकरच सांगेल. ते ऐकून घ्या आणि मुलीला सांगू नका. तिच्या आवडीला लगेच व्यूहरचना बनवायची आपली खोड आहे.

आणि तो ईमेल. जुना मसुदा ठेवा, राग कागदावर उतरला हे चांगलंच झालं. नवा बाईंना लिहा, सात-आठ ओळींचा. सुरुवातीला एक खरी गोष्ट: मुलगी सकाळच्या सरावाला आनंदाने उठते. मग तक्रार, सरळ शब्दांत: वाद्य बदलण्याआधी आम्हाला कळवलं असतं तर बरं झालं असतं, पुढे कळवाल ना? मग तीन प्रश्न. हा बदल एका वर्षाचा की कायमचा? वाद्याचं माप तुम्ही तपासून द्याल का? आठवीत वरच्या गटात जायचं असेल तर तिने काय तयार करावं? शेवटी, एखाद्या सरावाला मागे बसून ऐकलं तर चालेल का, हे विचारा. शाळेचे नियम परवानगी देतील तर जा. कार्यक्रमापेक्षा सराव बघण्यात जास्त मजा आहे. बाई मध्येच थांबवतील, "आता फक्त व्हायोला" म्हणतील, आणि तुम्हाला ती पहिल्यांदा ऐकू येईल.

अशीच दोन-तीन पत्रं न्यू जर्सी आणि बे एरियातूनही आली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलगा घरी हिंदुस्तानी व्हायोलिन शिकतो, मांडी घालून, तारा सा आणि प या स्वरांना जुळवून, आणि शाळेत खुर्चीवर बसून पाश्चात्त्य. दोन्हींनी हात बिघडेल का? बिघडत नाही, जशी दोन भाषांनी जीभ बिघडत नाही. मात्र शक्य असेल तर वाद्यं दोन ठेवा, एकाच व्हायोलिनच्या तारा रोज वरखाली करून त्या तुटतात आणि सूरही पक्का राहत नाही. ज्यांच्या मुलांना खरंच ऑर्केस्ट्रा नकोय, रडून जातात, त्यांनी वर्ष पूर्ण करू द्यावं आणि मग विनातक्रार सोडू द्यावं.

पुढच्या गणेशोत्सवाचा प्रश्न राहिला. तेच गाणं खालच्या पट्टीत व्हायोलावर वाजवेल का, हे तिला विचारा, तिला वाटलं तरच. एखाद्या मैत्रिणीने व्हायोलिनवर चाल धरली आणि हिने खालून साथ केली तर आणखी छान, मंडळात ते कुणी ऐकलेलं नसेल. आणि शाळेच्या वसंतातल्या कार्यक्रमाला आजींना घेऊन जाल तेव्हा जागा उजव्या बाजूला धरा. व्हायोला बहुधा तिकडेच बसतात.

तुमची,
सल्लागार ताई